एकदाच दाबलेलं बटण

काही माणसांच्या पायाला भिंगरी असते. हिच्या तर नावालाच लागली. लहानपणी एका जागी बसून तिने कधी जेवण संपवलं नाही, म्हणून मोठ्या भावाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव दाखल्यापुरतंच उरलं. अशा बाईने पोटापाण्यासाठी काय निवडावं, तर दिवसभर खुर्चीत बसून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचं काम. चाळिशी ओलांडली तरी जित्याची खोड गेली नाही. विचार करायचा झाला की ती उठते, खिडकीपर्यंत जाते, पाण्याची बाटली भरून आणते, ती न पिताच टेबलावर ठेवते आणि पुन्हा खिडकीकडे जाते. भरलेल्या बाटल्यांची रांग लागली की ऑफिसातले लोक समजतात, आज काहीतरी बिघडलंय.

त्या आठवड्यात टेबलावर बाटल्या मावत नव्हत्या.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि त्यात कशीबशी मावणारी पाच-सहा टाळकी. मोठ्या कंपन्या ज्या कामांकडे ढुंकूनही बघत नाहीत ती कामं इथे होतात. त्यातलंच एक डायलिसिस केंद्राचं. ज्यांच्या किडन्यांनी हात टेकले आहेत अशा लोकांना आठवड्यातून तीनदा तिथे जावं लागतं. मशीन रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत देतं. खुर्च्या थोड्या, माणसं फार. म्हणून भिंगरीने त्यांना फोनवर उघडणारं एक पान करून दिलं होतं. पानावर एकच मोठं बटण. दाबलं की हिरवं, म्हणजे 'येणार'. पुन्हा दाबलं की राखाडी, म्हणजे 'नाही येणार'. ज्याचं बटण हिरवं त्याच्या दाराशी सकाळी केंद्राची गाडी येते. ज्याचं राखाडी त्याची खुर्ची त्या दिवसापुरती दुसऱ्याला मिळते, आणि जो वरचेवर 'नाही' म्हणतो त्याची ठरलेली खुर्ची कायमची जाऊन तो पुन्हा रांगेच्या शेपटाला लागतो.

त्या खुर्च्यांपैकी भिंतीकडची एक भिंगरीच्या भावाची होती.

दादा शाळेत खेळाचा मास्तर होता. मैदानाच्या या टोकाहून हाक मारली तर त्या टोकाची पोरं सरळ उभी राहायची, असा आवाज. वहिनी गेल्यापासून एकटाच राहायचा, भिंगरीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. किडन्या बिघडल्यावर आवाज बसला, पाय सुजले, आणि नाही म्हणायला तोंड तेवढं शाबूत राहिलं. मध्यंतरी एकदा जिना चढताना थांबून तो म्हणाला होता, "पुरे झालं आता." भिंगरीने विचारलं, "जिना?" तो म्हणाला, "जिनाच. दुसरं काय?" तेव्हापासून ते वाक्य तिच्या डोक्यात भुंग्यासारखं भुणभुणत होतं.

मंगळवारी सकाळी केंद्रातल्या सिस्टरचा तिला ऑफिसात फोन आला.

"तुमचे भाऊ आज पण नाही आले हो. मागच्या आठवड्यात एकदा झालं तेव्हा तुम्हाला कळवलं होतं, आज परत. बटण राखाडी आहे. मी अजून वर काही कळवलेलं नाही, पण आणखी एकदा झालं तर खुर्ची माझ्या हातात राहणार नाही. आणि खुर्चीचं एक वेळ सोडा, अंगात पाणी साठलं तर काय होतं ते तुम्हाला माहितीये."

भिंगरीने फोन ठेवला, दादाला लावला, आणि तो उचलेपर्यंत खिडकीपर्यंत दोनदा जाऊन आली.

"गाडी आली नाही," दादा म्हणाला. "मी खाली उभा होतो."

"तू नाही म्हणून दाबलंस, मग गाडी कशी येईल?"

"मी एकदाच दाबलं. हिरवं झालं. डोळे अजून आहेत मला."

"मग फोन का नाही केलास?"

"वाटलं, उशीर झाला असेल. मग वाटलं, जाऊ दे."

हे 'जाऊ दे' भिंगरीला गाडीपेक्षा जास्त लागलं. तिने मुख्य कॉम्प्युटरवरची नोंद उघडली. कोणी कधी काय दाबलं ते सगळं तिथे उमटतं, आणि ती व्यवस्था तिनेच लिहिलेली असल्यामुळे खोटं पाडायलाही जागा नव्हती. दादाच्या नंबरासमोर लिहिलं होतं: येणार. लगेच खाली, चार श्वास घेऊन होतील न होतील एवढ्या अंतराने: नाही येणार.

म्हणजे त्याने 'हो' म्हटलं आणि लगेच मन बदललं. आणि आता तिच्याशी खोटं बोलत होता. लहानपणी सायकल शिकवताना "धरलंय मी, धरलंय" म्हणत केव्हाच हात सोडून दिलेला हाच तो माणूस. खोटं बोलायला काही नवखा नव्हता. पण ते खोटं तिला पुढे ढकलण्यासाठी होतं. हे कशासाठी, ते तिला स्वतःशीसुद्धा म्हणवेना.

तिने पुन्हा फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. औषधं, पथ्य, वहिनी, सगळं काढलं. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झालं? एकदाच दाबलं होतं," आणि फोन ठेवून दिला.

दुपारी सिस्टरचा पुन्हा फोन. आणखी तिघाचौघांची तीच तक्रार होती. दाबलं, हिरवं झालं, गाडी आली नाही.

आता खरं तर भिंगरीला बरं वाटायला हवं होतं. दादा एकटा नव्हता, म्हणजे दोष बटणात असू शकत होता. पण बरं वाटून घेण्याआधी ते सिद्ध करायला लागतं, आणि तिथेच घोडं अडलं.

शनिवारी तिनेच त्या पानाला हात लावला होता. प्रोग्रॅम लिहिणारे सगळंच काही स्वतः लिहीत नाहीत. पानावरचा निरोप उचलून मुख्य कॉम्प्युटरपर्यंत पोचवायचा, ही हमाली करणारा कोड तयार मिळतो. त्याला लायब्ररी म्हणतात. जुन्या लायब्ररीत चोराला शिरता येईल अशी फट निघाली, म्हणून केंद्राने नवी आवृत्ती बसवायला सांगितलं होतं. भिंगरीने ती बसवली, सगळी बटणं दाबून पाहिली, सगळं सुतासारखं सरळ चाललं. आणि ऑफिसचा एक नियम होता, काकांनी, म्हणजे मालकांनी घातलेला: शेवटचा हात ज्याचा, निस्तरणं त्याचं.

ती बटण दाबत बसली. बसली कसली, उभी राहून, येरझाऱ्या घालत, आपल्या फोनवर, शेजारच्याच्या फोनवर, काकांच्या जुन्यापुराण्या फोनवर. दर वेळी एक निरोप गेला, एकच नोंद पडली. येणार. बस्स.

पलीकडच्या टेबलावर एक गृहस्थ होते. कोड न उघडता दोष सांगायचे म्हणून ऑफिसात त्यांना ज्योतिषी म्हणत. ते म्हणाले, "वयस्कर माणसं आहेत. हात थरथरतात. एकदा दाबायला जातात, दोनदा दाबलं जातं."

"शनिवारच्या आधी नव्हते का थरथरत?"

"थंडी वाढलीये," ज्योतिषी म्हणाले.

काकांनी तिला आत बोलावलं. माणूस वाईट नाही, पण कोणतीही गोष्ट समजावून सांगताना डोळे मिटून बोलायची त्यांना सवय आहे.

"घरचं आजारपण आणि कोड यांची गल्लत करू नकोस. तुझ्या भावाने नाही म्हटलेलं तुला बघवत नाही, म्हणून तू लायब्ररीत खोट काढायला निघालीस. जुनी परत लावायची तर केंद्राला कारण द्यावं लागेल. कारण दाखव, लगेच लावतो."

काका खरं बोलत होते आणि म्हणूनच तिला त्यांचा राग आला. तिला खरंच बटण गुन्हेगार ठरायला हवं होतं. बटण निर्दोष सुटलं तर मग आरोपी उरतो कोण? जिन्यावर 'पुरे झालं' म्हणणारा तिचा भाऊ. कोडमधली चूक दुरुस्त करता येते. जगायला कंटाळलेल्या माणसाचं काय करायचं, हे कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही, आणि असलं तरी ते वाचायला भिंगरी एका जागी बसली नसती.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने रदबदली करून दादासाठी दुपारची एक खुर्ची मिळवली. भिंगरी स्वतः त्याला घेऊन गेली. इतके महिने ती त्याला फार तर फाटकापर्यंत सोडायची. "चार तास बसणं तुला जमायचं नाही, तू जा," तो म्हणायचा आणि ती जायची, सुटल्यासारखी. खरी गोष्ट अशी की नळीतून भावाचं रक्त फिरताना बघायची तिची छाती नव्हती.

केंद्र तळघरात होतं. मशीनं जड, वरच्या मजल्याला पेलेनात, म्हणून खाली आणलेली. पायऱ्या उतरल्या की जाड भिंती, पांढरे दिवे, औषधी फिनेलचा वास आणि सगळ्या मशिनांची मिळून एक संथ घरघर. आडव्या होणाऱ्या खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीत पांघरूण घेतलेलं एक माणूस. दादा भिंतीकडे जाऊन बसला, सिस्टरने त्याच्या हाताला सुया लावल्या, नळ्या लाल झाल्या. भिंगरीने पाहिलं आणि तिला काही झालं नाही. फक्त तिचा पाय जमिनीवर टकटक वाजत राहिला.

"पाय," दादा म्हणाला. पाय थांबला.

मग तिच्यासमोर एक गोष्ट घडली. रांगेतल्या माणसांनी, सुया लागल्या तसतसे, मोकळ्या हाताने आपापले फोन काढले. एकामागून एक. जसं जेवण झाल्यावर सगळे हात धुवायला उठतात तसं.

"हे काय करतायत?"

"पुढच्या खेपेचं बटण दाबतात," सिस्टर म्हणाली. "सगळे इथेच दाबतात. जोडून झालं की लगेच."

शेजारच्या खुर्चीतल्या आजी म्हणाल्या, "एकदा दाबून टाकलं की डोळे मिटायला मोकळं, बाई. घरी गेल्यावर कोणाला शुद्ध असते?"

भिंगरीच्या डोळ्यांसमोर दर वेळी एक चित्र असायचं: कोणीतरी आजोबा घरी सोफ्यावर बसलेत, संध्याकाळ आहे, फोनवर बटण दाबतायत. त्या चित्रासाठी तिने ते पान बनवलं होतं. तिने आपल्या फोनकडे पाहिलं. नेटवर्कची एक दांडी, तीही असून नसल्यासारखी. ऑफिसात सगळं बटण दाबल्याबरोबर पोचत होतं. इथे, या जाड भिंतींच्या आत, निरोप वर जाईपर्यंत माणसाची डुलकी झाली असती. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"दादा, तू अजून दाबू नकोस. मी सांगते तेव्हा दाब. एकदाच."

"एकदाच दाबतो मी," दादा म्हणाला.

ती सिस्टरच्या टेबलाशी गेली. तिथला कॉम्प्युटर तारेने जोडलेला होता, त्याला नेटवर्कची ददात नव्हती. तिने नोंद उघडली आणि तिथून दादाला हात केला. दादाने बोट लांब केलं, दाबलं, फोन पोटावर ठेवला आणि हात पांघरुणावर उघडा पसरून ठेवला, जादूगार हात रिकामा दाखवतो तसा.

बराच वेळ काहीच नाही. मग ओळ उमटली: येणार.

भिंगरी वाकून बघत राहिली. दादाचा हात पांघरुणावरच होता. बोटसुद्धा हललं नव्हतं.

दुसरी ओळ उमटली: नाही येणार.

मोठ्याने काहीतरी बोलावं असं तिला फार वाटलं, पण रांगेत अर्धे लोक झोपले होते. ती नुसती टेबलाचा काठ धरून उभी राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती देणारी ती स्वतः.

मग तिने नव्या लायब्ररीचं माहितीपत्रक उघडलं, जे शनिवारी वरवर चाळलं होतं. तळाशी एक ओळ होती. जुनी लायब्ररी निरोप एकदा पाठवून गप्प बसायची. नवी शहाणी होती: उत्तर वेळेत आलं नाही तर निरोप वाटेत हरवला असं समजून ती तोच निरोप आपणहून पुन्हा पाठवायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. पहिला निरोप हरवलेला नसायचाच. त्याचं फक्त उत्तर यायला उशीर व्हायचा. आणि भिंगरीचं बटण 'येणार' असा निरोप पाठवतच नव्हतं. ते पाठवायचं, 'आहे त्याचं उलट कर.' पहिल्या निरोपाने 'नाही'चं 'हो' झालं, दुसऱ्याने 'हो'चं 'नाही'. पान मात्र हिरवंच दिसायचं, कारण म्हातारी माणसं खोळंबतात म्हणून तिने ते उत्तराची वाट न बघता हिरवं व्हायला शिकवलं होतं. लायब्ररीने आपल्या परीने भलंच केलं, तिनेही भलंच केलं होतं, आणि दोघींच्या भलेपणात माणसं सकाळी दारात उभी राहिली.

तिने टेबलावरच्या फोनने ज्योतिष्यांना गाठलं. पुन्हा पाठवणं बंद करा. बटणाचा निरोप बदला, सरळ 'येणार' किंवा 'नाही' असं जाऊ दे, मग शंभरदा पोचला तरी अर्थ तोच राहील. ज्योतिष्यांनी विचारलं, "म्हणजे हात थरथरत नव्हते?" भिंगरी म्हणाली, "नाही. माझे थरथरतायत. लवकर करा." बदल वर चढला. दादाला तिने पान नव्याने उघडून पुन्हा दाबायला लावलं. एक ओळ: येणार. ती वाट बघत राहिली, आणि आली ती एकच ओळ. सिस्टर खुर्चीखुर्चीपाशी जाऊन प्रत्येकाला विचारत राखाडी झालेली बटणं हिरवी करायला लागली.

भिंगरीचा जीव भांड्यात पडला. तो इतका मोठ्याने पडला की ती जवळजवळ पळतच दादाकडे गेली आणि त्याच्या खुर्चीच्या हातावर टेकली.

"तू बरोबर होतास. तू एकदाच दाबलं होतंस. मी तुला नाही नाही ते बोलले. चुकलं माझं, दादा. दोन्ही वेळा बटणाचीच चूक होती."

दादा वरच्या दिव्याकडे बघत होता. मशीन घरघरत होतं.

"दोन्ही वेळा नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मंगळवारचं बटणाचं. मागच्या आठवड्यातलं माझं. मीच दाबलं होतं, नाही म्हणून."

भिंगरीला एकदम आठवलं. मागच्या आठवड्यातला तो दिवस शनिवारच्या आधीचा होता. नवी लायब्ररी तेव्हा बसलेलीच नव्हती. ती तारीख तिच्या डोळ्यांखालून गेली होती. सुटका झाल्याच्या आनंदात तिने ती बघायचं टाळलं होतं. दोष शोधायचं जिचं कामच, तिने हा एक नेमका शोधला नाही.

"का?" तिने विचारलं.

दादाने सुया नसलेला हात उचलून नाक पुसलं.

"तुझं बटण यायच्या आधी सिस्टर फोन करायच्या. आदल्या संध्याकाळी, सगळ्यांना. उद्या येताय ना मास्तर? मी दर वेळी काहीतरी कुरकुर करायचो. त्या म्हणायच्या, नखरे पुरे, या गुमान. मग तुझं बटण आलं. सगळ्यांची सोय झाली, सिस्टरचीपण. चांगलं झालंय, मी नाही म्हणत नाही." तो थांबला, दम घेतला. "त्या दिवशी म्हटलं, नाही म्हणून बघू या. कोण विचारतंय का. दिवसभर फोन जवळ घेऊन बसलो."

भिंगरीला पुढचं ऐकायचं नव्हतं आणि उठूनही जाता येत नव्हतं.

"कोणी केला?"

"तू केलास की. तिसऱ्या दिवशी. नवीन काहीतरी बसवतेय, लई काम आहे म्हणालीस, आणि बटण नीट दाबत जा म्हणून ओरडलीस."

आजी झोपल्या होत्या. पलीकडे सिस्टर कोणाचं तरी पांघरूण सारखं करत होती. भिंगरीने दादाचा मोकळा हात हातात घेतला. तो गार होता, आणि मनगट तिला वाटलं होतं त्याहून पुष्कळ बारीक झालं होतं. इतकी वर्षं जवळ राहून तिने ते पाहिलं नव्हतं. ती रडली, अगदी नाक ओढून, लहान पोरीसारखी, आणि दादाने तिला रडू दिलं.

"आदल्या संध्याकाळी मी फोन करत जाईन," ती शेवटी म्हणाली.

"बटण आहे की."

"बटण तू दाबच. मी तरीही विचारेन."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

भिंगरीकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं. या प्रश्नालाही होतं: ओरडेन, ओढत आणीन, सिस्टरला सांगेन. ती सगळी उत्तरं जिभेपर्यंत आली. पण तो गंमत करत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"तर मी का म्हणून विचारेन," ती म्हणाली, "आणि तू सांगशील ते ऐकून घेईन." तो काय सांगेल ते आता तिच्या हातात नव्हतं.

दादाने डोळे मिटले. "मग कर फोन," तो म्हणाला. "सहाच्या आत कर. नंतर मला झोप लागते."